रेघ दिसली तर रेघच लिही

अगं, काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. मुद्दाम उत्तर दिलं नाही. रात्री मी दोन ओळी खरडल्या असत्या, तू त्या तुमच्या म्युझियमच्या क्युरेटरना दाखवल्या असत्यास, आणि रिटायर होऊनही हा माणूस नाक खुपसतोच असं झालं असतं. म्हणून आता चहा घेऊन नीट बसलोय.

तू लिहिलंयस की प्रदर्शनासाठी दिल्लीहून उसन्या आलेल्या तैलचित्रावर खाली उजवीकडे चार सेंटिमीटरची बारीक रेघ दिसतीये, लेंडरच्या, म्हणजे चित्र उसनं देणाऱ्याच्या, कंडिशन रिपोर्टमध्ये (चित्र कुठल्या अवस्थेत आहे त्याच्या नोंदीत) ती नाहीये, क्युरेटर म्हणतायत लाइटमुळे तसं वाटतंय, चित्राबरोबर देखरेखीला आलेल्या माणसाची, कुरिअरची, उद्या संध्याकाळची फ्लाइट आहे, पाहुण्यांच्या सोयीने उद्घाटन दोन दिवस अलीकडे आलंय आणि तुझं प्रोबेशन अजून संपायचंय. आणि शेवटी विचारलंयस, "सर, लिहू का नको?"

खरं सांगू? चिडलो मी. बाकी सगळं समजू शकतो, पण "लिहू का नको" हा प्रश्नच नाहीये. दिसलं ना? मग लिही. तुझी इंटर्नशिप संपताना मी एवढं एकच सांगितलं होतं, जे दिसलं ते लिहायचं आणि जे बघितलं नाही त्यावर सही करायची नाही. बाकीचं काम कुणीही चार महिन्यांत शिकतं.

लहानपणी आमच्याकडे पैठणी नव्हती. लग्नकार्य आलं की आई शेजारच्या काकूंची उसनी आणायची. पण घरी न्यायच्या आधी त्यांच्याच ओसरीवर घडी पूर्ण उलगडायची आणि त्यांच्यासमोर पदर उजेडात धरायची. "हे बघा, इथे कसर लागलीये, आणि हा डाग तुपाचा दिसतोय." काकूंना पहिल्यांदा राग आला होता म्हणे. पण पुढची वीस वर्षं त्यांनी गल्लीत दुसऱ्या कुणाला ती साडी दिली नाही, फक्त आईला दिली. कंडिशन रिपोर्ट म्हणजे हेच की गं. तू उगाच कोर्टातल्या जबानीसारखी घाबरतीयेस.

आता माझं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

नोकरीला लागून सहाच वर्षं झाली होती. रंगवलेली लाकडी मूर्ती, जेमतेम दोन फूट उंच, ट्रक पोचला रात्री दोनला. बरोबर आलेल्या माणसाला पहाटेची गाडी पकडायची होती. तो म्हणाला, साहेब सही करा ना, सकाळी बघा निवांत. मी केली. नुसती सही नाही, वर लिहिलं "गुड कंडिशन". पेटी बंदच होती आणि मी लिहिलं गुड! सकाळी टिश्यू उलगडला तर कोपराजवळचा रंग निघालेला, टिश्यूत लाल कण पडलेले. प्रवासात निघाला का आधीपासून सुटत होता, देवाला ठाऊक. इन्शुरन्सवाल्यांनी कागद बघितला आणि विचारलं, तुमच्याकडे चांगल्या स्थितीत पोचली असं तुम्हीच लिहिलंय ना, मग आमचा काय संबंध? शेवटी ठपका आला आमच्याकडच्या पॅकिंगच्या पोरावर, रोजंदारीवर होता तो. त्याने मूर्तीला हात लावायच्या आधी मी सही केलेली होती हे फक्त मला माहीत होतं. मी बोललो नाही. मुलगी चार महिन्यांची होती, कायम होण्याची फाइल वर गेलेली होती. ही कारणं आहेत, खोटी नाहीत, पण तो पोरगा पुन्हा कामावर आला नाही हेही तितकंच खरंय.

तेव्हापासून हट्ट धरलाय, आणि त्या हट्टापायी बरंच काही गमावलंय, तेही सांगतो. एकदा चित्रांचे क्रेट, म्हणजे लाकडी पेट्यांचे खोके, आल्यावर चोवीस तास ते उघडू दिले नाहीत म्हणून उद्घाटनाच्या दिवशी एक भिंत रिकामी राहिली. भर जुलै होता, बाहेर नव्वद टक्के दमटपणा, आत एसीत पन्नास, आणि साहेब म्हणत होते आत्ता उघडा. पेटीतल्या हवेला खोलीच्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो, लाकूड आणि कॅनव्हास आपल्या घाईने फुगत-आकसत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. त्या वर्षी प्रमोशन गेलं. शेऱ्यात "अडवणुकीची वृत्ती" असं आलं. असू दे. त्या चित्रांचे रंग आजही जागेवर आहेत. आता तू म्हणशील, चोवीसऐवजी अठरा तासांनी उघडलं असतं तरी जागेवरच राहिले असते. कदाचित राहिले असते. मला तेव्हा जोखीम घ्यायची नव्हती आणि आजही घेतली नसती, एवढंच.

तुला वाटतं हे फक्त आपल्याकडच्या ढिलाईमुळे होतं. ढाक्याचं प्रकरण वाच. २००७ साली बांगलादेशातल्या प्राचीन वस्तू पॅरिसच्या गिमे म्युझियमला प्रदर्शनासाठी उसन्या जाणार होत्या. बांगलादेशातल्या अभ्यासकांनी आधीपासून आरडाओरडा केला होता, याद्या नीट नाहीत, नोंदणी क्रमांक नाहीत, विम्याच्या रकमा पटत नाहीत. लोकांना वाटलं ही सगळी भावनिक ओरड आहे. डिसेंबरमध्ये ढाक्याच्या विमानतळावरून एक पेटीच चोरीला गेली. त्यात टेराकोटाच्या दोन विष्णुमूर्ती होत्या, गुप्तकाळच्या. पुढे कचऱ्यात तुकडे सापडले. सरकारने प्रदर्शन रद्द केलं, आधी पॅरिसला पोचलेल्या वस्तू परत मागवल्या, संस्कृती खातं सांभाळणाऱ्या सल्लागारांना राजीनामा द्यावा लागला. चोर यादी वाचून थांबत नाहीत हे मलाही कळतं. पण ज्यांना लोक किरकिरे म्हणत होते ते कागदच मागत होते ना? तेव्हा किरकिरी म्हणतील म्हणून तू घाबरू नकोस.

आता कामाचं बोलू. सध्या काय लिहून ठेवलंयस? "मायनर लाइन, लोअर राइट"? हे काही लिहिणं नाही. "मायनर" हे तुझं मत झालं. रेघ किती लांब, कुठल्या दोन कडांपासून किती अंतरावर, आडवी का तिरकी, फक्त वॉर्निशमध्ये आहे का रंगाच्या थरात, कडा उचलल्यात का, आत धूळ बसलीये का. धूळ असेल तर ती बहुतेक जुनी, कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर नवी असू शकते. पण हे "बहुतेक" तुझ्या डोक्यात ठेव, रिपोर्टमध्ये फक्त "आत धूळ दिसते" एवढंच. खोलीतले दिवे बंद कर, टॉर्च चित्राला जवळजवळ समांतर धर आणि एका बाजूने उजेड टाक. क्युरेटरना तिथेच उभं कर. लाइटमुळे दिसतंय म्हणतात ना? बरोबरच आहे, लाइटमुळेच दिसतं सगळं. रेघेशेजारी स्केल धरून फोटो काढ, चित्राला न टेकवता, एक समोरून आणि एक तिरक्या उजेडात. पेन जवळ नेऊ नकोस, पेन्सिलच. क्रेटमधला डेटा लॉगर, ते हवेची नोंद ठेवणारं छोटं यंत्र, रीड केलास का? नसशील तर आधी ते कर, वाटेत कुठे दमटपणा चढला होता का ते कळेल. मग कुरिअरला फ्लाइटच्या आधी बोलव, दोघं मिळून बघा आणि दोघांची सही एकाच कागदावर, तारीख आणि वेळ टाकून. कुरिअर सही करायला नाही म्हणाला तर "सोबत पाहिलं, सही केली नाही" असं लिही. पण भांडू नकोस हं, तोही नोकरीच करतोय बिचारा.

लेंडर नाराज होईल म्हणतेस. होईल, एक आठवडा. पण चित्र परत जाताना त्याच्याच माणसाला ती रेघ सापडली तर तो कायमचा नाराज होईल, आणि तेव्हा ती तुमच्याकडे पडली नाही हे सिद्ध करायला तुझ्याकडे काही नसेल. "नेल टू नेल" विमा म्हणजे त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्यापासून निघून परत त्याच खिळ्याला लागेपर्यंत, पण वाटेत कुठे काय झालं हे विमा कंपनी तुझ्याच कागदावरून ठरवणार.

तू लिहिलंयस की हे काम क्लार्कचं वाटतं, नाव क्युरेटरचं होतं. होतंच. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन सुरू झालं, तेव्हा मी तिकीट काढून गेलो होतो. दोनशेच्या आसपास वस्तू, ब्रिटिश म्युझियमच्या आणि भारतातल्या कितीतरी संग्रहांतल्या, आणि नंतर सगळं दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात जाणार. बायको मूर्ती बघत होती आणि मी काचेच्या पेटीत डेटा लॉगर कुठे लपवलाय ते शोधत होतो. हिशोब कर: निघताना, पोचल्यावर, परत पॅक करताना, घरी गेल्यावर, एका वस्तूला किमान चारदा बघायचं, मध्ये दुसरं शहर आलं की आणखी दोनदा. म्हणजे हजाराच्या वर वेळा कुणीतरी टॉर्च घेऊन वाकलं असणार. त्यांची नावं भिंतीवर नव्हती. मला मात्र सगळं प्रदर्शन त्यांचंच वाटत होतं, आणि हो, यात माझा स्वार्थ आहे, कळतं मला. आयुष्यभर ओरखडे मोजणाऱ्याला ओरखडे मोठे वाटणारच.

२०२४ च्या जुलैत वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली तेव्हा लोक म्हणत होते "परत आली". आली होती तीन वर्षांच्या उसनवारीवर. लोकांचं प्रेम खरंय, तिथे कुणाला शिकवायला जाऊ नये. पण "आली" आणि "उसनी आली" यातला फरक बघणाऱ्याने विसरला तरी चालतो, तुला आणि मला तो विसरायची परवानगी नाही. त्या तैलचित्राकडे बघताना ते आपल्या घरचं नाही एवढं डोक्यात ठेव, बाकी आपोआप सुचेल.

प्रोबेशनचं काय करू असं विचारलंयस. माझ्याकडे उत्तर नाही. मला त्या वयात भीती वाटली आणि मी गप्प बसलो, तेव्हा शूर हो म्हणायचा हक्क मला नाही. फक्त बोलून सांगू नकोस. ईमेल कर, चारच ओळी, फोटो जोडून, क्युरेटर आणि डायरेक्टर दोघांना, तक्रारीचा सूर न लावता. "आज अमुक वाजता तपासणीत हे दिसले, नोंद केली आहे, चित्र लावण्याआधी कन्झर्वेटरने (जतन-दुरुस्ती तज्ज्ञाने) बघावे." बस. हे वाचून कुणी "नोंद काढून टाक" असं लेखी उत्तर देत नाही, माझा अनुभव आहे. तोंडी देतात.

आणि पॅकिंगची मुलं आहेत ना तुमच्याकडे, त्यांनी हात लावायच्या आधी रिपोर्ट पूर्ण कर. आधी, कळलं?

टॉर्चचे सेल नवीन टाक, जुन्या सेलचा पिवळा उजेड फसवतो. फोटो काढलेस की मलाही पाठव, पण चित्र कुणाचं ते लिहू नकोस, नुसती रेघ आणि स्केल. साडेसहाला उठलेला असतो मी.