आधी बंदर, मग बरण्या

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला चाललोय. परतताना रत्नागिरीत एक सकाळ मोकळी आहे. नऊ वर्षांच्या मुलाला माशांचं संग्रहालय दाखवायचं माझ्या मनात आहे, पण घरचे म्हणतात, "बरणीतले मासे काय बघायचे?" जावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जा की! फक्त आधी मिरकरवाडा बंदरावर जा, मग झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातल्या संग्रहालयात. हा क्रम मला काकूमुळे कळला. तिला मी थेट संग्रहालयात नेलं होतं. बाजारात फिरावं तशी ती बरण्यांपुढून फिरली, एकीपाशी थांबली, पाटी वाचली आणि म्हणाली, "हा बांगडा? फुकट दिलास तरी घेणार नाय मी!"

तिचं खोटं नव्हतं. फॉर्मलीनमध्ये, म्हणजे बरणीतल्या मासे टिकवायच्या द्रावणात, रंग उतरतो. ताज्या बांगड्याच्या पाठीवरची निळी-हिरवी झाक, त्यावरच्या डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या काळपट रेघा, सगळं जाऊन पांढरट अंग तेवढं उरतं. म्हणून रंग बंदरावर बघायचे. जून-जुलैची मासेमारीबंदी केव्हाच उठलेली असेल, तेव्हा सकाळी लवकर गेलात तर टोपल्या भरलेल्या दिसतील.

मग बरण्या कशाला? तर बंदरावरच्या घाईत पाकट, म्हणजे तो चपटा 'रे' मासा, उलटी करून दाखवायला कोणाला वेळ असतो! मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कल्ल्यांच्या चिरा मानेच्या बाजूला असतात, पाकटीच्या पोटाकडून. दोघी एकाच गोतातल्या, हाडं नसलेल्या, नुसत्या लवचीक कूर्चेच्या. काचेपाशी वाकून हे निवांत बघता येतं.

तिथे देवमाशाचा सांगाडाही आहे. सगळे त्याच्या लांबीचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. तुम्ही मुलाला पुढच्या परापाशी उभं करा. आत चक्क मनगट आणि बोटांची हाडं असतात. माझ्या भाच्याने स्वतःचा पंजा हवेत शेजारी धरून बोटं मोजली आणि मग विचारलं, "याला मासा का म्हणतात?" त्यावर आमचं जेवणापर्यंत चाललं. फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे सगळं त्यात आलंच.

साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. बंदरावर जुन्या चपला घाला.

काकूने परतताना रिक्षा पुन्हा मिरकरवाड्याला वळवायला लावली. बांगडे घेतले, एकेकाची पाठ निरखून.