कडक गोळ्या पहिल्यांदाच करताय?

आधी थर्मामीटर घ्या, साचे नंतर. उकळत्या पाण्यात तो साधारण १०० अंश दाखवतो का, हे तपासून ठेवा. माझा पहिला घाणा १४० लाच उतरवला होता, गोळ्या दातांना चिकटायच्या.

४०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम ग्लुकोज सिरप आणि १५० मिली पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की चमचा बाजूला ठेवा. कडक गोळी म्हणजे खरं तर साखरेची काच. त्यात स्फटिक बनता कामा नये, आणि भांड्याच्या कडेला चिकटलेला एक दाणाही सगळा पाक रवाळ करायला पुरतो. म्हणून कडा ओल्या ब्रशने पुसत राहा. ग्लुकोज घालायचं तेही यासाठीच. पूर्वी लिंबाचा रस किंवा क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड) वापरत. आम्लामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, काम तेच.

१४९ ते १५४ अंशांच्या दरम्यान गॅस बंद. बुडबुडे बसले की रंग, अर्क आणि सायट्रिक आम्ल घाला. आधी घातलंत तर वास उडून जातो. लहान मुलांना मात्र लांब ठेवा, हा पाक कातडीला चिकटून भाजतो.

युरोपात अशा गोळ्या आधी औषधविक्रेत्यांकडे मिळत, कडू औषध साखरेत लपवायला. पुढे बीटची साखर आली, साखर स्वस्त झाली आणि गोळी मुलांच्या हाती आली.

पावसाळी हवेत करू नका. केल्यातच, तर लगेच हवाबंद डब्यात भरा.