वाचकांचे प्रश्न : शाळेआधीची घरातली तयारी

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा असून या जूनपासून नर्सरीत जाणार आहे. मनासारखे झाले नाही की तो लोळण घेतो, हाताला येईल ते फेकतो आणि धाकट्या बहिणीला मारतो. 'शाळेत गेला की बाई सरळ करतील,' असे माझे सासरे म्हणतात. मला ते पटत नाही, पण दुसरे काय करावे हेही सुचत नाही.
– एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : मी स्वतः नर्सरीचा वर्ग घेते. बाईंचा धाक घालून पाठवलेले मूल दर जूनमध्ये मला वर्गाच्या दारातच ओळखू येते, कारण ते माझ्याकडे पाहताच आईच्या पदराआड दडते आणि पुढे बरेच दिवस पाणी मागायलाही कचरते. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, परंतु त्याहून लहान मुलाला तर अधिकच जपायला हवे.

या वयात राग मोठा असतो आणि तो सांगायला शब्द अपुरे पडतात, म्हणून हात चालतो. आपल्या मुलाने बहिणीवर हात उगारला, तर त्याच्यासमोर खाली बसून त्याचा हात हलकेच धरावा आणि म्हणावे, 'हात मारायला नाहीत. तुला गाडी पाहिजे ना? मग "मला दे" म्हण.' एवढेच, आणि रोज हेच शब्द. लोळण घेतली तर जवळ बसून राहावे, समजावण्याचा मारा करू नये, आणि ज्यासाठी रडणे चालले आहे ती वस्तू त्या क्षणी देऊ नये. रडे ओसरले की मात्र त्याला कुशीत घ्यावे. मी मे महिन्यात पालकांना जो कागद देते त्यावर तीनच नियम असतात : हात मारायला नाहीत, हवे असेल ते मागायचे, खेळून झाले की वस्तू जागेवर ठेवायची. घरात आई, आजी आणि आजोबा यांनी हीच वाक्ये वापरली, तर वर्गात माझ्या तोंडून ती ऐकताना मुलाला ओळखीची वाटतात. आई 'नाही' म्हणते आणि आजोबा लगेच मोबाईल हातात देतात, अशा घरात कोणताच नियम रुजत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर गप्पा मारत उशिरापर्यंत जागायचे आणि सकाळी उशिरा उठायचे, अशी मुलांची सवय होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जून लागताच झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. झोप अपुरी असलेल्या मुलाचा हट्ट वर्गात दुपटीने वाढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

डबा तर घरीच उघडून पाहावा. घट्ट झाकण निघत नाही म्हणून रडू कोसळते, आणि लोक त्याला हट्ट म्हणतात! चड्डी नाडीची किंवा बटणाची न देता इलॅस्टिकची द्यावी.

शाळा सुरू होते तेव्हाच मृगाचा पाऊस आणि पेरणीची धांदल असते, म्हणून रोज कोण सोडणार आणि कोण आणणार हे आधीच ठरवावे. हे काम सासऱ्यांकडेच द्यावे, असे मी सुचवीन. नातवाचे बोट धरून त्याला बाईंच्या हाती सोपवणारे आजोबा सहसा त्याला बाईंचा धाक घालत नाहीत. मात्र त्यांनी नजर चुकवून निघून जाऊ नये. 'खाऊ झाला, गाणे झाले की मी येतो,' असे सांगावे आणि त्याच वेळी यावे.

प्रश्न : शाळेच्या पहिल्या पालकसभेत काय विचारावे? मुलीला अजून एकही अक्षर लिहिता येत नाही, याची काळजी वाटते.
– एक वडील, अंबाजोगाई

उत्तर : अक्षरांची काळजी सोडावी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. घरी चिंचोके आणि खडे वेगवेगळ्या वाट्यांत निवडून ठेवू द्यावेत, बोटांची तयारी त्यातून होते.

सभेत मात्र हे विचारावे : पहिल्या आठवड्यात वर्ग किती वेळ भरणार, मूल रडत राहिले तर घरी कधी कळवणार, आणि एका मुलाने दुसऱ्याला मारले तर बाई नेमके काय करतात. 'कोपऱ्यात उभे करतो' असे उत्तर आले, तर किती वेळ आणि कशासाठी, हे नम्रपणे पण जरूर विचारावे. लघवीला जाण्यासाठी आपली मुलगी घरात जो शब्द वापरते, तोही बाईंना त्याच दिवशी सांगून ठेवावा.