युनो, डब्ल्यूटीओला वजन आहे का? आधी उसाची केस बघा

तुमचा प्रश्न असा की युनो, डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) ह्यांना जागतिक राजकारणात खरंच काही वजन आहे, की शेवटी सगळं अमेरिकाच ठरवते. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिकांमधे ह्यावर दोनच उत्तरं ऐकायला मिळतात, एक तर "सगळी नाटकं आहेत" नाहीतर नोट्समधलं ते विश्वशांती वगैरे. मी बरीच वर्षं साखर एक्स्पोर्टच्या कागदपत्रांत घालवलीयेत, डब्ल्यूटीओची ओळख मला तिथेच झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

२०१९ मधे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने डब्ल्यूटीओकडे भारताविरुद्ध तक्रार केली, की तुम्ही उसाला एफआरपी देता, वर साखर बाहेर काढायला अनुदान देता, त्याने आमचा बाजार मारला जातो. आता एफआरपी म्हणजे केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर, पण पैसे देतो कारखाना, तेही १४ दिवसांत (देतो का हा वेगळा विषय, पुण्यात साखर आयुक्तांच्या साखर संकुलावर मोर्चे काही उगाच येत नाहीत). भारताने तेच मांडलं, की बाबांनो सरकारच्या तिजोरीतून ह्यात रुपया जात नाही, मग ही सरकारी मदत कशी? आपल्याकडे कुणालाही पटेल. केस ऐकणाऱ्या डब्ल्यूटीओच्या पॅनेलला नाही पटलं. डिसेंबर २०२१ च्या निकालात त्यांनी सांगितलं की भाव सरकारने बांधून दिलाय ना, मग खरेदी कोणी का करेना, ती मदतच, आणि २०१४-१५ ते २०१८-१९ असे सलग पाच हंगाम ती उसाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के ह्या मर्यादेबाहेर गेलीये. मेख अशी आहे की ही मदत मोजताना आजचा दर १९८६-८८ च्या जागतिक भावाशी ताडतात, म्हणजे मर्यादा ओलांडली जाणारच, पण हे ज्यात लिहिलंय त्या डब्ल्यूटीओच्या कृषी करारावर सही आपलीही आहे.

मग जानेवारी २०२२ मधे भारताने अपील केलं. कुठे, तर अपिलेट बॉडीकडे, म्हणजे डब्ल्यूटीओच्या अपील ऐकणाऱ्या मंडळाकडे, जिथे त्या वेळी एकही सदस्य नव्हता! सात जणांची ही बॉडी, एक केस ऐकायला निदान तिघं लागतात, नेमणुकीला सगळ्या देशांची संमती लागते आणि अमेरिकेने ती अडवून धरलीये, त्यामुळे डिसेंबर २०१९ पासून तिथे कोरमच नाही. अपील ऐकलं जात नाही तोवर निकाल लागू होत नाही, एफआरपी चालू. अमेरिकेने स्वतः स्टीलच्या टॅरिफच्या केसमधे हेच केलं. म्हणजे त्यांनी यंत्रणा बंद पाडली आणि आपणही तिच्या आडोशाला जाऊन बसलो, मला तरी ह्यात काही चूक वाटत नाही पण मग "मोठे देश नियम मोडतात" ही ओरड जरा जपून करावी.

मग वजन शून्य का? तसंही नाहीये. २०१९-२० ला निर्यातीवर टनाला १०,४४८ रुपये मिळायचे, ती योजना नीट वाचा. पैसे कशासाठी, तर हाताळणी, प्रक्रिया, मार्केटिंग आणि देशातली-परदेशातली वाहतूक ह्यांच्या खर्चापोटी. ही यादी कुणा बाबूला आपोआप सुचलेली नाही, कृषी करारात विकसनशील देशांना तेव्हा जेवढी फट होती तिच्या मापाने ते वाक्य बेतलंय. जिनिव्हातलं पोलीस ठाणं, म्हणजे डब्ल्यूटीओची ती अपिलेट बॉडी, बंद असलं तरी दिल्लीत परिपत्रक लिहिणारा माणूस करार उघडून बसतो, ह्या संस्थांची ताकद बहुतेक वेळा इतपतच असते आणि ती बातम्यांत दिसत नाही.

बाकीच्यांचं बघताना एकच विचारा, नाही म्हणायचा हक्क कोणाकडे आहे. सुरक्षा परिषदेत १५ पैकी पाच जणांकडे व्हेटो, म्हणून फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचा ठराव खुद्द रशियानेच पाडला. जैशच्या मसूद अझहरला दहशतवाद्यांच्या यादीत टाकायच्या वेळी व्हेटोचीही गरज पडली नाही, परिषदेच्या निर्बंध समितीत सगळ्यांची संमती लागते म्हणून चीनने नुसती आडकाठी करून काही वर्षं काढली, मे २०१९ ला सोडलं. आयएमएफमधे मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे १६ च्या वर आहेत, करा हिशोब. उलट पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव ह्यांच्या प्रकरणात पाकिस्तानला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टापुढे उभं राहावं लागलं कारण परदेशात पकडलेल्याला आपल्या वकिलातीशी भेटू देण्याबद्दलच्या व्हिएन्ना कराराच्या जोडप्रोटोकॉलवर दोघांच्या सह्या होत्या, जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल भारताच्या बाजूने गेला. सुटका नाही झाली, पण फाशी थांबली.

आणि पुण्यातलंच उदाहरण हवं असेल तर हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट, कोविशील्ड लस बनवणारी. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) मान्यता नसेल तर युनिसेफसारखी संस्था लस उचलत नाही, त्यामुळे तो शिक्का म्हणजे अर्ध्या जगाची बाजारपेठ. कोविशील्डला फेब्रुवारी २०२१ ला तो मिळाला, लस वाटपाच्या कोव्हॅक्स ह्या आंतरराष्ट्रीय योजनेतून गरीब देशांना डोस जायला लागले, आणि मार्चमधे इथे केसेस वाढल्यावर भारताने निर्यात जवळपास थांबवली. डब्ल्यूएचओ विनंत्या करत राहिली, बाकी काही करायची तिला सोयच नव्हती. इथून कोव्हॅक्सला पुन्हा डोस जायला नोव्हेंबर उजाडला.