माती सुपीक आहे, पण मुलांनी त्यात खेळावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीला लागून अर्ध्या एकराचा प्लॉट आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे पत्र्याच्या शेडमध्ये क्रोम प्लेटिंग चालायचं. आता तिथे बाग आणि मुलांची खेळणी होणार आहेत. ठेकेदाराने मातीपरीक्षणाचा अहवाल दाखवला : सामू ७.८, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर, शेरा 'माती उत्तम'. शेजारच्या आजी मात्र म्हणतात की पावसाळ्यात तिथलं साचलेलं पाणी पिवळं दिसायचं. आम्ही उगाच शंका काढतोय का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : उगाच नाही. आजींना माझा नमस्कार सांगा, त्यांची आठवण त्या अहवालापेक्षा कामाची आहे.

अहवाल खोटा नाही. पण तो शेतकऱ्याला हवा असतो तो अहवाल आहे. हिरवळ रुजेल का, खत किती घालावं, एवढंच त्यातून कळतं. शिसं, निकेल, कॅडमियम त्यात तपासतच नाहीत. प्लेटिंगच्या जागेवर मला सगळ्यात आधी शोधायचं असतं ते षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे कामगारांच्या तोंडचं 'हेक्झा'. ते पाण्यात सहज विरघळतं, पाणी पिवळं करतं, आणि त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली तर कर्करोगाचा धोका असतो.

प्रयोगशाळेत नोकरीला असताना अशाच एका बंद शेडवर गेले होते. आवारात गुडघाभर गवत. मालक म्हणाले, "मॅडम, काही असतं तर गवत उगवलं असतं का?" प्लेटिंगचे हौद कुठे होते ते विचारून तिथला कोबा फोडायला लावला. खालचा मुरूम हळद सांडल्यासारखा. चिमूटभर मुरूम पाण्यात ढवळून गाळला, थोडं आम्ल घातलं, डायफिनाइल कार्बाझाइडचे (हेक्झा असलं की जांभळा रंग देणारं रसायन) चार थेंब सोडले आणि परीक्षानळीत जांभळाचा रस उतरला. मालक पुढे काही बोलले नाहीत. मुद्दा असा, की ते पिवळेपण जेमतेम दोन खाटांच्या जागेत होतं.

म्हणून नमुने कुठून घेतले हे आधी विचारा. शेतात दहा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना करतात, ते तिथे ठीक. इथे तसं केलं तर काय होतं बघा. नऊ जागी शिसं किलोला २० मिलिग्रॅम आणि एका जागी १,०००. सगळं मिसळलं की आकडा येतो ११८. अमेरिकेत घरांच्या आवारातल्या मातीसाठी २०२४ पासून २०० ही छाननीची पातळी आहे, म्हणजे तुमचा प्लॉट पास! आणि घसरगुंडी नेमकी त्या दहाव्या जागेवर.

तेव्हा आधी जागेचा इतिहास काढा. जुने कामगार गाठा. हौद, मोरी, सांडपाण्याचा खड्डा, ॲसिडचे कॅन ठेवायची जागा कागदावर मांडा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या संमतीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागा. मग त्या-त्या जागचे वेगवेगळे नमुने घ्या : वरचे पंधरा सेंटिमीटर वेगळे, खालचा मुरूम वेगळा. लहान मुलं हात तोंडात घालतात, म्हणून वरचा थर. विष पाण्याबरोबर खाली उतरतं, म्हणून खालचा. शेजारच्या बोअरचं पाणीही तपासा, आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून कुठल्या कुठे जातं.

एक खास इथली गोम. दख्खनचा बेसॉल्ट मुळातच क्रोमियम-निकेल बाळगून असतो. नुसतं 'एकूण क्रोमियम' मोजलं तर स्वच्छ टेकडीवरची मातीही घाबरवते. हेक्झा वेगळं मोजायला सांगा, आणि जवळच्या, कधीच कारखाना नसलेल्या जागेचा एक नमुना तुलनेला द्या. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असावी, आणि तीही याच चाचणीसाठी.

तोवर काम थांबवा. विशेषतः पर्जन्यजल पुनर्भरणाचा खड्डा तिथे होऊ देऊ नका. एरवी मी त्याची कट्टर समर्थक आहे. इथे मात्र तो छपरांचं सगळं पाणी विषातून गाळून तुमच्याच बोअरला देईल.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. संशयित जागेची प्राथमिक तपासणी राज्य मंडळाने करायची असते. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या.

दोष सापडला म्हणजे बाग बुडाली असं नाही. सिॲटलमध्ये जुन्या गॅस कारखान्यावरची बाग १९७५ मध्ये खुली झाली, फक्त माती झाकणं आणि भूजलावरची कामं पुढे अनेक वर्षं चालली. तुमच्याकडे बहुधा डाग खणून काढावा लागेल, किंवा हिराकस (लोहाचा एक क्षार) मिसळून हेक्झाचं कमी घातक त्रिसंयुजी क्रोमियम करता येईल. वर जाळीदार कापड आणि आणलेल्या मातीचा जाड थर. ती आणलेली मातीही तपासून घ्या, पुण्यात भरावाची माती कुठून येते हे ट्रकवाल्यालाही माहीत नसतं.

प्रश्न : सूर्यफूल, मोहरी लावली की माती आपोआप शुद्ध होते असं ऐकलं. खरं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : थोडं खरं. काही झाडं धातू शोषतात, पण अनेक हंगाम लागतात. शिसं तर मातीला इतकं चिकटून असतं की मुळांना फारसं मिळतच नाही. आणि शोषलेला धातू झाडातच राहतो. ती रोपं उपटून, तपासून, गरज पडल्यास रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पाठवावी लागतात. बागेतल्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलीत, तर पुढच्या वर्षी तोच धातू खत म्हणून कुंड्यांत येईल.