ऊन फुकट, तरी शेजाऱ्याचा सोलर पंप तोट्यात कसा?

चोपड्याच्या भाऊंनी विचारलं आहे की, कपाशीवाल्या शेजाऱ्याने अनुदानाशिवाय सोलर पंप बसवला आणि आता तो परवडत नाही म्हणतो. डिझेल तर लागत नाही, मग तोटा कसला? आणि आपली चार एकर, त्यात बरीचशी केळी, ऑइल इंजिनवर चालते. तर बदलावं का?

शेजारी खोटं बोलत नाही. डिझेलमध्ये तुम्ही दर तासाला पैसे मोजता, सोलरमध्ये सगळे आधीच मोजून टाकता. पाच एचपीचं इंजिन तासाला साधारण लिटरभर पितं, म्हणजे नव्वद रुपये धरा. सोलरचा संच तीन लाखांचा धरू. दहा टक्क्यांनी व्याज तीस हजार, आणि वीस वर्षांत संपणार म्हणून झीज पंधरा हजार. वर्षाला पंचेचाळीस हजार, पंप चालो वा न चालो. भागिले नव्वद, पाचशे तास. वर्षात पाचशे तासांपेक्षा जास्त इंजिन चालवत असाल तरच सोलर स्वस्त. कपाशीला पावसाच्या खंडात दोन-चार पाणी दिलं तर दीडशे तासही होत नाहीत. उरलेलं वर्ष पॅनल उन्हात नुसते उभे, आणि त्या संचातली वीज कुणाला विकताही येत नाही.

केळीचं उलटं. मृगबाग (पावसाळी लागवड) असो की कांदेबाग (हिवाळ्याआधीची), पाणी बाराही महिने. दिवसाला चार तास, अडीचशे दिवस धरले तरी हजार तास, म्हणजे नव्वद हजारांचं डिझेल. तुम्हाला अनुदान नसतं तरी परवडलं असतं.

पण अनुदान सोडू नका. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच. दहा टक्के भरले की पाचशेचा आकडा पन्नासवर येतो. बाकी नव्वद टक्के कुणीतरी भरतंच, हे विसरू नये. कोरडवाहू शेतात तो पैसा अक्षरशः ऊन खात पडतो. ही योजना वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे जोडणी आहे, त्यांना साडेसात एचपीपर्यंत एप्रिल 2024 पासून पाच वर्षं वीजबिल माफ. त्यांनी सोलर घेतला तर वाचतं ते बिल नाही, रात्रीचं जागरण.

इंजिन किती हजारांना घेतलं होतं ते हिशेबात धरू नका. ते पैसे गेले. आज विकलं तर काय येईल एवढंच बघा, आणि ते फार येणार नाही, म्हणून राहू द्या. श्रावणात सलग ढग असले तर उपयोगी पडेल. आणखी एक, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला गेला की पॅनल सत्तर अंशांपर्यंत तापतो. पंचवीसच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के ताकद कमी होते, म्हणजे भर दुपारी सहावा हिस्सा गायब. त्यावर धूळ. सकाळी पॅनल धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. लिटरमागचे नव्वद रुपये हा उपशावरचा लगाम होता. सोलरवर पुढचा तास फुकट, म्हणून सूर्य असेपर्यंत पंप चालूच राहतो. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा अतिउपसा आधीच झाला आहे. पातळी खाली गेली की त्याच पॅनलवर पाणी कमी येतं, आणि नवी बोअर तुमच्या खिशातून. त्यामुळे ठिबक आणि टायमर लावूनच पंप सुरू करा.

चार एकरांना पाच एचपी मंजूर होतो. मागितला तर कमी क्षमतेचाही मिळतो. एप्रिलमध्ये तुमच्या विहिरीला सलग किती तास पाणी टिकतं ते इथे लिहा, मग तीन एचपी की पाच ते बघू.