तलाठी, वनरक्षक, पंचायत सचिवांसाठी पाण्याचं ट्रेनिंग बसवायचंय, काय शिकवावं?

तुम्ही विचारलंय की ऑफिसने तुमच्या गळ्यात काम घातलंय, तलाठी, वनरक्षक, पंचायत सचिव आणि कोमुनिदादींचे (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थांचे) दोन-तीन कारकून अशा तीसेक लोकांना पाच दिवसांचं पाणी व्यवस्थापनाचं ट्रेनिंग द्यायचं, तेही आपल्या गोव्यात, तर विषयांची यादी काय करू. मी मृदसंधारणाच्या कामावर बरीच वर्षं काढली, रिटायर झाल्यावर अशा चार-पाच ट्रेनिंगांत शिकवायलाही गेलो, म्हणून जरा हक्काने लिहितो. यादी राहूदे, आधी तारीख ठरवा.

का ते सांगतो. पहिल्यांदा आम्ही केलं ते जानेवारीत, एसी हॉलमध्ये, पीपीटी लावून. शेवटच्या दिवशी टेस्ट घेतली, सगळे पास. आणि त्याच जूनमध्ये एका गावात खाजनाचा, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेल्या सखल भातशेतीचा, बांध फुटला आणि तिथला तलाठी, जो आमच्याकडून सर्टिफिकेट घेऊन गेलेला, त्याला फोन कुणाला करायचा तेच माहीत नाही. चूक त्याची नव्हतीच. आम्ही त्याला जलचक्र शिकवलं होतं, बाष्पीभवन वगैरे, जे तो सातवीत शिकलेला.

म्हणून माझं मत, पाच दिवस सलग घेऊ नका. तीन दिवस मे महिन्यात घ्या, पाणी संपत आलेलं असतं तेव्हा, आणि दोन दिवस जुलैमध्ये, पाणी अंगावर येतं तेव्हा. मधल्या दीड-दोन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या गावातल्या एकाच झरीचं नाहीतर ओहोळाचं पाणी दर आठवड्याला मोजून वहीत लिहायचं. ऑफिसवाले म्हणतील टीए-डीए दोनदा कसा द्यायचा. भांडा, पण हे सोडू नका.

मे मधला पहिला दिवस खाजनात. आणि तो पौर्णिमेचा किंवा अमावस्येचा बघून घ्या, उधाणाची भरती असते. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात, म्हणजे पौर्णिमेला पंधरा गुणिले तीन भागिले चार, सव्वाअकरा, भरती साधारण तेव्हा भरते, नदीत आत जाल तशी थोडी उशिरा. हा हिशेब तिथेच बांधावर उभं राहून करायला लावा आणि मग समोर मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांकडे, बघायला सांगा. भरतीचं पाणी चढायला लागलं की लाकडी दारं बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मोटर नाही, लाईट नाही, माणूस नाही. तीस जणांतल्या वीस जणांनी हे चालताना कधी बघितलेलं नसतं, आणि त्यातले निम्मे खाजनाच्या गावात नोकरी करत असतात.

सकाळी दहाला नेऊन बाराला परत आणू नका बरं. दारं मिटलेली बघायची, तिथेच जेवायचं, आणि दुपारी ओहोटीला दारं उघडून पोंयमधलं, म्हणजे बांधाआतल्या पाणी साठायच्या खोलगट जागेतलं, पाणी बाहेर पडताना बघायचं. मग प्रश्न विचारा, हीच दारं कुणी रात्री भरतीला दोरी बांधून उघडी ठेवली तर काय होईल? खारं पाणी आत, मासळी आत, आणि ओहोटीला जाळं लावलं की पैसे. मानशीवर मासे पकडायच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, पावणी घेणाऱ्याला जास्त मासे हवेत आणि शेत करणाऱ्याला गोडं पाणी, दोघांचा जीव एकाच दारात अडकलेला. शेत पडीक राहिलं तर पावणीवाल्याला रान मोकळं. बांधाला भोक पडून दोन-चार वर्षं खारं पाणी आत राहिलं की तिवरं उगवतात, एकदा तिवरं आली की किनारी नियमांत ती संरक्षित, मग तिथे परत भात करायचं म्हटलं तरी हात लावता येत नाही. गोव्यात खाजन सतरा-अठरा हजार हेक्टर धरतात, त्यातलं किती आज खरोखर खाजन म्हणून चालतंय ते आपल्या आपल्या गावापुरतं प्रत्येकाने चालत जाऊन बघावं.

आणि तिथेच फोनवाला प्रश्न सोडवून घ्या. एक कोरा कागद द्या, समोरचा बांध, मानस, पोंय, शेत आणि नदीकडची तिवरं काढायला सांगा, आणि प्रत्येकासमोर कुणाची जबाबदारी ते लिहायला सांगा. जमीन कोमुनिदादीची, कुळं १९६४ च्या कुळ कायद्याखाली, बांध आणि मानस सांभाळायला १९७५ च्या नियमांखाली कुळांची संघटना, तिच्यावर देखरेख मामलेदाराची, बांधाची दुरुस्ती शेतकी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडून, तिवरं वनखात्याची, नदी जलस्रोत खात्याची. एका दगड फेकायच्या अंतरात एवढ्या ऑफिसांची दारं. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत एकाचंही पूर्ण बरोबर येत नाही, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते कारण वनरक्षक आणि तलाठी पहिल्यांदा एकमेकांना विचारतात की अरे हे तुझं की माझं.

दुसरा दिवस मोजण्याचा. यात महागडं काही नको. झरीला दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. बादली चाळीस सेकंदांत भरली तर तासाला ९०० लिटर, दिवसाला २१,६०० लिटर, माणशी ५५ लिटर धरलं तर जवळजवळ ३९० माणसांचं पाणी. हा आकडा निघाला की खोलीत शांतता पसरते, कारण त्याच वाड्यावर टँकर पाठवायच्या फाईलवर त्यातल्याच कुणीतरी सही केलेली असते. पाटाला नाहीतर ओहोळाला सालासकट सुकी सुपारी सोडायची, दहा मीटर अंतर किती सेकंदांत जाते बघायचं. समजा २५ सेकंद, म्हणजे वेग ०.४ मीटर, पण वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८५ ने गुणायचं, पाट १.२ मीटर रुंद आणि सरासरी ०.३ मीटर खोल असेल तर सेकंदाला १२२ लिटर. एकदा स्वतःच्या हाताने काढला की माणूस विसरत नाही. खारेपणा मोजायचं पेन मात्र विकत घ्या, दोन-तीन पुरेत. भाताच्या मातीचा खारेपणा ३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या (पेनवर दिसणारं खारेपणाचं एकक) वर गेला की साधारण उत्पन्न घटायला लागतं, समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं, आणि आपला कोरगूट, खारं सोसणारा जुना भात, उगाच टिकलेला नाही हे त्यावरून समजतं. जुलैच्या फेरीत त्याच शेताची माती परत मोजा, पहिल्या पावसाने मीठ धुऊन नेल्याशिवाय जुने लोक पेरत का नव्हते ते पेनवर दिसेल.

तिसरा दिवस सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर. ह्याच्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं असतं, माफ करा. सरकारी कागदांत सडा म्हणजे पडीक, खडकाळ, निरुपयोगी, त्यामुळे काहीही बांधायचं झालं की सगळ्यात आधी बोट सड्यावर पडतं. पण जांभ्या दगडाला भोकं असतात हो, पावसाचं पाणी त्यातून आत मुरतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरी होऊन बाहेर येतं, आणि त्या झरीवर कुळागरं उभी असतात, माड, पोफळी, मिरी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर. त्यातलं किती मुरतं हा जागेजागेचा प्रश्न, पण वर काँक्रीट टाकलं की ते बहुतेक सगळं गटारातून समुद्राला. सकाळी सडा दाखवा, दुपारी त्याच्याच पायथ्याचं कुळागर, आणि कुळागरवाल्या बाईंना बोलू द्या. मोठ्या पदव्या घेतलेल्यांपेक्षा कुठली झरी कुठल्या महिन्यात आटते हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना मानधन द्या, नारळ आणि शाल देऊन पाठवू नका.

जुलैच्या दोन दिवसांत तेच ओहोळ, तीच मानस परत. इथे एक परदेशी गोष्ट मला आवडली ती सांगतो. अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणारं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणून खातं आहे, त्यांच्या लोकांना ओढ्याच्या काठाने चालत सतरा मुद्द्यांवर हो किंवा नाही लिहायला शिकवतात. पूर आला की पाणी काठाबाहेर पसरायला जागा आहे का, काठावरच्या झाडांची मुळं पुरात माती धरून ठेवतील अशी आहेत का, लहान-मोठी सगळ्या वयाची झाडं आहेत का, वरच्या डोंगरातून येणाऱ्या गाळाने ओढा बिघडतोय का, असे. शेवटी ओढा ठीक चालतोय, चालतोय पण धोक्यात आहे, की बिघडलाय, एवढंच ठरवायचं. महत्त्वाचं म्हणजे हे एकट्याने करायचं नाही, पाण्याचा, मातीचा आणि झाडाझुडपांचा जाणकार एकत्र चालतात आणि उत्तरावर एकमत करतात. त्यांचे मुद्दे जसेच्या तसे आपल्याला चालणार नाहीत, त्यांच्याकडे भरती-ओहोटीचं खाजन कुठलं आणि आपला तीन महिन्यांत पडणारा पाऊस कुठला. पण आम्ही डिचोली-सत्तरीकडच्या ओहोळांसाठी दहा-बारा मुद्दे आपले बनवले होते, त्यात खाणीच्या ढिगाऱ्याचा लाल गाळ येतो का, जवळच्या खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसलं की विहिरी आटतात का, हेही घातलं. एक तलाठी, एक वनरक्षक, एक पंचायतवाला अशी तिघांची टोळी करा आणि भांडूदेत त्यांना ओहोळाच्या काठावर.

कायदे अर्ध्या दिवसात संपवा. २००२ चा भूजल कायदा (विहीर, बोअर, टँकरची परवानगी), किनारी नियमांत खाजनाबद्दल काय म्हटलंय, कुळ कायदा, बस. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा विषय निघणारच, २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी हे सांगून टाका, एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर हेही सांगा, आणि पुढे सरका. नाहीतर सगळा दिवस त्यातच जातो आणि आपल्या वाड्याचा ओहोळ तसाच राहतो. वेळ उरला तर कुडचड्याच्या नंदा तळ्याची गोष्ट सांगा, २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेलं गोव्यातलं पहिलं तळं, पावसाळा सोडून इतर दिवसांत लोक त्यात पाणी साठवून खालची भातशेती भिजवतात. पाणथळ म्हणजे कुंपण घालून ठेवायची जागा असं वाटणाऱ्यांना हे ऐकवायलाच हवं.

शिकवायला कोण, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. जुन्या गोव्यात एलाला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, क्षार सहन करणाऱ्या भाताच्या गोवा धान जाती त्यांनीच काढल्या, तिथल्या लोकांना दुसऱ्या दिवशी, मातीचा खारेपणा मोजताना बोलवा. तिथेच जवळ जीपार्ड, सरकारी प्रशिक्षण संस्था, आहे, हॉल, राहण्याची सोय वगैरेसाठी बघा. बाकी मानशीवर मानस सांभाळणारा मानसकार, कुळागरात कुळागरवाले. आणि आपल्या वरिष्ठांना उद्घाटनाला बोलवायचंच असेल तर बांधावर बोलवा, भाषण आपोआप छोटं होतं.

जुलैसाठी तीस जोड गमबूट आधीच भाड्याने सांगून ठेवा, साईझ विचारून. आम्ही एकदा सगळे नऊ नंबरचे आणले होते आणि अर्धा वर्ग शेताच्या चिखलात अनवाणी फिरला, एकाच्या पायात काच गेली.